मऊ, कडक आणि आई

दोघा भावांच्या दुकानात विकायला एकच गोष्ट होती: धक्का न बसणं.

गाडीबरोबर कंपनीने दिलेलं सस्पेन्शन काढून टाकायचं आणि त्याजागी मनासारखं कमी-जास्त करता येणारं बसवायचं, असा तो धंदा. चार चाकांना चार शॉकअप, प्रत्येकाच्या डोक्यावर एक नॉब. नॉब इकडे फिरवला की गाडी कडक, तिकडे फिरवला की मऊ. फिरवताना कट्‌ कट्‌ आवाज यायचा, म्हणजे आपले पैसे कुठे गेले ते गिऱ्हाइकाला निदान ऐकू यावं. खाली स्प्रिंगभोवती रिंगा. त्या वाकड्या पान्याने फिरवल्या की गाडी उंच व्हायची, नाहीतर ठेंगणी. पाटीवर लिहिलं होतं, 'डांबरी असो वा कच्चा, रस्त्याची काळजी आमच्यावर सोडा.' लोकांनी सोडली. रस्ते होते तसेच राहिले.

थोरल्याला सगळे डांबर म्हणायचे आणि धाकट्याला खडी. थोरल्याचं म्हणणं, गाडी ठेंगणी आणि कडक पाहिजे, वळणावर रस्त्याला गोचिडासारखी चिकटली पाहिजे. धाकट्याचं म्हणणं, गाडी उंच आणि मऊ पाहिजे, दगडांवरून मांजरासारखी गेली पाहिजे. धाकटा एकदा कच्च्या रस्त्यावरच्या शर्यतीत उतरला होता आणि शेवटून दुसरा आला होता. जो शेवटचा आला त्याचं चाक निघालं होतं. एरवी डांबर आणि खडी एकत्र आले की रस्ता तयार होतो. इथे नुसते खड्डे पडायचे.

गिऱ्हाइकाची गाडी कुठल्या मापाला लावायची यावरून रोजच जुंपायची. त्यावर दोघांनी एक तोडगा काढला होता आणि त्याचा दोघांना फार अभिमान होता. दुकानासमोरचा रस्ता कच्चा, खडीचा. मोरीपासून खाणीच्या फाटकापर्यंतचा तुकडा परीक्षेचा. गिऱ्हाइकाला मागच्या सीटवर बसवायचं, एकदा थोरल्याच्या मापाने न्यायचं, एकदा धाकट्याच्या, आणि दर खेपेला मागे वळून विचारायचं, "आता कसं वाटतंय?" चार-पाच खेपा झाल्या की गिऱ्हाईक पांढरंफटक पडायचं आणि म्हणायचं, "हेच! हेच बरंय!" मग ते माप कायम. आजवर एकाही गिऱ्हाइकाची तक्रार आली नव्हती. लोकांना घरी जायचं असतं.

आईला हा तोडगा फार आवडायचा, कारण त्यात तिला काही बोलावं लागत नव्हतं.

आईचं आयुष्य एका तत्त्वावर उभं होतं: दोघांतला एक बरा, असं चुकूनही तोंडातून जाता कामा नये. लहानपणी एकाला ताप आला की ती दुसऱ्याच्याही कपाळावर ओली घडी ठेवायची. शाळेत एकाला मार बसला तर घरी दुसऱ्याला एक धपाटा, हिशेब बरोबर राहावा म्हणून. "आई, कुणाचं बरोबर?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "दोघांचंही बरोबर आहे रे, हात धुऊन घ्या." या तत्त्वामुळे घरात कधी भांडण मिटलं नाही. वाढलंही नाही म्हणा. लोणच्यासारखं मुरलं.

तर अशी ही आई परवा संध्याकाळी घर आणि दुकान यांच्या मधल्या बोळात पडली. बोळात एक जुनी स्प्रिंग पडली होती. ती कुणी टाकली, यावरून आई जमिनीवर असतानाच दोघांची सुरुवात झाली.

"तुझ्या त्या उंच गाड्यांचीच स्प्रिंग आहे ती, लांबी बघ."

"लांबी काय बघ? कापून ठेंगणी कोण करणार होतं तिला?"

"अरे, मीच बघून चालले नाही," आई खालून म्हणाली. "मला उठवा आधी."

दोघांनी उठवलं, एकाने डावीकडून, एकाने उजवीकडून, आणि अर्थातच एका वेळी नाही.

आई म्हणाली, लचक भरलीय. रात्र काढली, दुसरा दिवस काढला. आज सकाळी तिला कूस बदलता येईना तेव्हा थोरल्याच्या बायकोने दवाखान्यातल्या सिस्टरला फोन लावला. थोरली सून म्हणजे त्या घरातलं एकच माणूस जे प्रश्न विचारल्यावर उत्तराची वाट बघायचं. सिस्टर फोनवर म्हणाली, "पायाची बोटं हलवायला सांगा."

आईने हलवली.

"तळव्याला टाचणी लावून बघा."

सुनेने लावली. "अगं आई गं!" आई कळवळली. "काय वैर आहे का गं माझ्याशी?"

"ओरडल्या ना? छान झालं," सिस्टर म्हणाली. "दुखतंय तोवर देवाचे आभार माना. पाठीचा मणका मोडला असणार. आत मज्जारज्जू असतो, सगळ्या शरीराची वायर म्हणा. मोडकं हाड त्या वायरला खेटून बसलेलं असतं. एक जोराचा दणका बसला की खेळ खलास, पुन्हा पायावर उभ्या राहायच्या नाहीत. सपाट फळीवर घट्ट बांधा. मी अँब्युलन्स पाठवते. धक्का बसू देऊ नका, एवढं एकच सांभाळा."

सुनेने हे अंगणात जाऊन नवऱ्याला आणि दिराला जसंच्या तसं सांगितलं. तिची चूक झाली ती इथेच. शेवटचं वाक्य तिने गाळायला हवं होतं.

'धक्का बसू देऊ नका' हे शब्द कानावर पडताच दोघा भावांच्या चेहऱ्यावर असं तेज चढलं, जसं आयुष्यभर आग विझवायची वाट बघणाऱ्या बंबवाल्याच्या चेहऱ्यावर धूर दिसल्यावर चढावं.

"अँब्युलन्स?" डांबर म्हणाला. "अगं, तिला मागे लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा असतात. पट्ट्या! त्यात आईला घालायचं?"

"दारात एवढी गाडी उभी असताना?" खडी म्हणाला.

दारात दुकानाची स्वतःची गाडी उभी होती, गिऱ्हाइकांना दाखवायची. तिला दुकानातला सगळ्यात भारी सेट लावलेला. मागच्या सीटा काढल्या, डिकीपासून पुढच्या सीटच्या पाठीपर्यंत फळी टाकली, फळीवर गादी, गादीवर आई, आणि आईवर पट्टे. सामान जाताना सरकू नये म्हणून जे पट्टे ठेवलेले होते तेच. सून आईच्या डोक्याशी अंग चोरून बसली. पायांशी, चाकाच्या उंचवट्यावर, जो भाऊ गाडी चालवत नसेल त्याने बसायचं. त्याच्या शेजारी हत्यारांची पेटी आणि जॅक, कारण वाटेत कधी काय फिरवावं लागेल सांगता येत नव्हतं.

"कच्च्यावर मी चालवणार," खडी म्हणाला. "डांबर लागलं की तू घे."

"घे बाबा घे. कच्चं तेवढं तुझं."

"आई, झोपायला नीट आहे ना?"

"राजेशाही आहे रे," आई म्हणाली. तिच्या कपाळावर घाम होता.

निघाले. खडीने गाडी उंच केली होती आणि चारही नॉब पार मऊ टोकाला नेले होते. पहिले दहा-वीस हात गाडी पाळण्यासारखी गेली. मग मोरी आली. मोरीपुढच्या खळग्यात गाडी उतरली, आणि उतरतच राहिली. मऊ शॉकअप पार तळाला जाऊन बसले आणि खालून धप्प करून आवाज आला, जसा पोत्यावर पोतं टाकल्यावर येतो.

"आई गं!" आई ओरडली.

"थांब! थांबव गाडी!" डांबर पायांकडून ओरडला. "बघितलंस? तळाला लागली! एवढं मऊ करतात का? आई आहे ती, उशी नाही!"

"एक आवाज आला तर लगेच..."

"आई, तू सांग. लागलं ना?"

आईने वर बघितलं. एका बाजूला थोरल्याचं तोंड, दुसऱ्या बाजूला आरशातून धाकट्याचे डोळे. "इतकं काही नाही रे," ती म्हणाली. "आवाजानेच घाबरले."

"बघ!" खडी म्हणाला.

"पण लागलं ना थोडं?" डांबर म्हणाला.

"थोडं लागलं."

"बघ!" डांबर म्हणाला, आणि खाली उतरून बोनेट उघडलं. कट्‌ कट्‌ कट्‌ कट्‌. मग मागे येऊन कट्‌ कट्‌ कट्‌ कट्‌. आईचे पाय ओलांडून, अर्थात. गाडी पार कडक झाली. खडी उतरून मागे बसला आणि डांबरने चाक हातात घेतलं. कच्चं आपलं असल्याची आठवण खडीने तीनदा करून दिली.

कडक गाडीला खळगे नाहीत, पण तिला प्रत्येक खडा मोजून दाखवायची खोड असते. मोरीपासून पुढे आईचे दात वाजत होते. सुनेने दोन्ही हातांनी तिचं डोकं धरलं होतं.

"आता कसं वाटतंय, आई?" डांबरने मागे न बघता विचारलं.

"ब-ब-बरं वा-वा-वाटतंय."

"आधीपेक्षा?"

"ह-हो बा-बाबा."

"थांबव," खडी म्हणाला. "हे काय विचारणं झालं? आधीचा रस्ता वेगळा, हा वेगळा. तिथे मोरी होती, इथे सपाट आहे. अशी तुलना गिऱ्हाइकालाही करायला लावत नाही आपण."

डांबरने गाडी थांबवली. धंद्याच्या बाबतीत तो खोटेपणा करणारा माणूस नव्हता, हीच तर पंचाईत. "ते बरोबर आहे," तो म्हणाला. "तुलना करायची तर तुकडा तोच पाहिजे."

"अहो," सून म्हणाली, "काय बोलताय? हॉस्पिटल पुढे आहे."

"हॉस्पिटल कुठे पळून जातंय? पुढे अजून एवढी खडी आहे. चुकीच्या मापावर नेलं आणि दणका बसला म्हणजे? सिस्टर काय म्हणाली, तूच सांगितलंस ना?"

"सिस्टर म्हणाली धक्का देऊ नका. ती असं नाही म्हणाली की कुठला धक्का चांगला ते शोधून काढा!"

"वहिनी, तुम्हाला यातलं कळत नाही," खडी म्हणाला.

गाडी वळवली. खडीवर एवढी लांब गाडी वळवायची म्हणजे पुढे-मागे, पुढे-मागे, आणि प्रत्येक पुढे-मागेला आईचा एक श्वास अडकलेला. मोरीपाशी आले. कट्‌ कट्‌ कट्‌. या वेळी खडीचं माप, पण मघापेक्षा जरासं कडक, म्हणजे तळाला लागायला नको. धप्पऐवजी धड्ड झालं.

"आता, आई?"

"हे... हे पण बरं आहे."

"पण म्हणजे?"

"पण म्हणजे बरं आहे रे राजा."

"आई, एकदा नीट सांग ना," डांबर वैतागला. "हे बरं की माझं बरं?"

"दोघांचंही चांगलं आहे रे," आई म्हणाली, आणि सवयीने पुढे म्हणाली, "हात धुऊन घ्या."

सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. ती खाली वाकून आईच्या कानात म्हणाली, "आई, दुखतंय म्हणून सांगा ना हो. एकदा ओरडा. तुम्ही ओरडलात तर थांबतील."

"कुणाच्या खेपेला ओरडू?" आई कुजबुजली. "ज्याच्या खेपेला ओरडेन त्याला जन्मभर लागेल."

खाणीच्या फाटकापाशी अँब्युलन्स समोरून आली. रस्ता अरुंद, दोन्ही गाड्या नाकाला नाक लावून उभ्या. अँब्युलन्सचा ड्रायव्हर जाडजूड माणूस, दातात काडी. खिडकीतून मान काढून म्हणाला, "मणक्याचा पेशंट तुमच्याकडेच ना? द्या इकडे, स्ट्रेचर काढतो."

डांबर उतरला आणि काही न बोलता अँब्युलन्सखाली वाकून बघू लागला. उठला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर एखाद्याच्या घरात झुरळ सापडल्यावर येतो तसला आनंद होता. "पट्ट्या," तो म्हणाला. "म्हटलं नव्हतं? घोडागाडीला असतात त्या."

"असतील," ड्रायव्हर म्हणाला. "हळू चालवतो मी. रोज चालवतो."

"आमच्या गाडीला मऊ-कडक करता येतं," खडी म्हणाला. "आम्ही पेशंटला विचारून विचारून करतोय."

ड्रायव्हरने काडी या गालातून त्या गालात नेली. "आम्ही पेशंटला कसं वाटतंय ते विचारत नाही," तो म्हणाला. "बरं वाटत असतं तर आमच्या गाडीत कशाला आला असता?"

"भाऊ, थांबा!" सून आतून ओरडली. "घेऊन जा यांना! अहो, उघडा दार!"

"तुझं काय मध्येच?" डांबर म्हणाला. "आई, तुला त्या गाडीत जायचंय का?"

आता हा प्रश्न आईला विचारायचा नव्हता. मुलांच्या गाडीतून उतरून परक्याच्या गाडीत बसायचं, आणि तेही चारचौघांत! "नको रे," आई म्हणाली. "यात बरी आहे मी."

ड्रायव्हरने खांदे उडवले. अँब्युलन्स रिव्हर्स घेत गेली, हळूहळू, एकही खडा न उडवता. ते कुणी बघितलं नाही, कारण तोवर भावांनी समेट केला होता. समेट असा: पुढची दोन चाकं डांबरची, मागची दोन खडीची. ज्याने त्याने आपापल्या चाकांपुरतं बघायचं, दुसऱ्याच्या नॉबला हात लावायचा नाही. दोघांनी आयुष्यात शोधून काढलेला हा सर्वांत न्याय्य तोडगा होता. पुढून ठेंगणी आणि कडक, मागून उंच आणि मऊ अशी ती गाडी आता पाणी प्यायला वाकलेल्या जनावरासारखी दिसत होती.

एकदा मोरीपर्यंत परत जाऊन बघणं भागच होतं.

त्या खेपेला काय झालं ते रस्त्याने बघितलं. खळग्यात पुढची चाकं ताठ आदळली, आणि त्या दणक्याने मागचा भाग वर उडाला, खाली आला, पुन्हा वर उडाला. फळी एका क्षणासाठी आईसकट हवेत होती. मग ती खाली आली. हत्यारांची पेटी उलटली. सून दारावर आपटली. आई ओरडली नाही. तिच्या तोंडून एक बारीकसा आवाज आला, दिवा मालवताना वात करते तसा.

गाडी थांबली. धूळ हळूहळू खाली बसली.

"आई?" डांबरने विचारलं. "कसं वाटतंय?"

आईने जरा वेळ छताकडे बघितलं. मग तिच्या चेहऱ्यावरच्या रेषा एक-एक करून सैल झाल्या. "अरे," ती नवलाने म्हणाली, "थांबलं. दुखायचं थांबलं. आता काहीच लागत नाही."

"काहीच नाही?"

"काही म्हणता काही नाही. खरंच सांगते. परवापासून पहिल्यांदा."

भावांनी एकमेकांकडे बघितलं. खडीने स्टिअरिंगवर थाप मारली. डांबरने पायांकडून वाकत पुढे येऊन त्याच्या पाठीत गुद्दा घातला. "सापडलं!"

"म्हटलं नव्हतं, मागून मऊ पाहिजे?"

"मागून मऊ, पण पुढच्या कडकपणामुळे! नुसतं मऊ तर पहिल्या खेपेलाही होतं!"

"माझ्या मागच्याशिवाय तुझं पुढचं..."

"जॅक," सून म्हणाली.

तिचा आवाज इतका हळू होता की दोघे गप्प झाले.

"आईंच्या पायावर जॅक पडलाय."

पेटीजवळचा जॅक घसरून आईच्या उजव्या पावलावर आडवा पडला होता. चांगला वजनदार, गाडी उचलणारा. त्याच्या लोखंडी कडेखाली अंगठ्याचं नख फुटलं होतं आणि गादीच्या खोळीवर लाल डाग हळूहळू मोठा होत होता. आई त्याच शांत चेहऱ्याने छताकडे बघत होती.

"आई, बोटं हलवा," सून म्हणाली.

"हलवली की," आई म्हणाली.

डांबरने जॅक उचलला, तो कुठे ठेवावा हे त्याला कळेना, म्हणून त्याने तो तान्ह्या पोरासारखा मांडीवर घेतला. खडीने गाडी सुरू केली. पुढे कच्चा रस्ता संपला, डांबरी लागला, पण कोण चालवणार हे कुणी काढलं नाही. डांबरीवर गाडी पाण्यावरून गेल्यासारखी गेली. एका वळणावर डांबरचं तोंड सवयीने उघडलं होतं. बायकोने त्याच्याकडे बघितलं. त्याने ते मिटलं.

हॉस्पिटलात सर्जनबाई भेटल्या. बारीक, थकलेल्या, केस टोपीत कोंबलेले. त्यांनी फोटो काढवले, टाचणी घेऊन पायापासून वर वर टोचत गेल्या. कंबरेपर्यंत आईला काहीच कळलं नाही. मग त्या पलंगाच्या कडेला उभ्या राहून म्हणाल्या, "मला एकच गोष्ट नेमकी सांगा. पायांची जाणीव कधी गेली?"

डांबरने खडीकडे बघितलं. खडीने डांबरकडे. दोघांची तोंडं एकाच वेळी उघडली, बोटं एकाच वेळी एकमेकांकडे वळू लागली.

"हे नीट ऐका," सर्जनबाई म्हणाल्या. "आत्ता, तास-दोन तासांत गेली असेल, तर मी आत्ता उघडते. रज्जूवरचा दाब काढला तर पाय परत यायची चांगली आशा आहे. परवा पडल्या तेव्हाच गेली असेल, तर आज घाई करून हाती काही लागायचं नाही. मग हाड उद्या-परवा बसवलं तरी तेच. माझ्याकडे ऑपरेशनचं टेबल एक आहे आणि बाहेर पोट फाटलेला माणूस आणलाय. त्याला दुसरीकडे पाठवायचं की आत घ्यायचं, ते तुमच्या उत्तरावर आहे. कधी गेली?"

"त्याचं असं आहे, डॉक्टर," डांबर म्हणाला, "पुढची चाकं..."

"मागची चाकं..." खडी म्हणाला.

"कुठली चाकं?"

"पडले तेव्हाच गेली," आई म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. आई उशीवर मान जराशी उचलून सर्जनबाईंकडे बघत होती, हसतमुखाने, पाहुण्यांपुढे मुलांचं भांडण झाकताना हसायची तशी.

"परवाच," ती म्हणाली. "बोळात पडले ना, तेव्हापासून पाय नाहीतच. पोरांचा काही संबंध नाही. त्यांनी बिचाऱ्यांनी फुलासारखं आणलं मला."

"खोटं आहे!" सून म्हणाली. "डॉक्टर, सकाळी मी स्वतः टाचणी लावली, त्या ओरडल्या! बोटं हलत होती! वाटेत गेली, आत्ता, गाडीत!"

"अगं, तुझं मन राखायला ओरडले मी."

"मन राखायला? आई, तुमचे पाय जातील! सिस्टरला विचारा, डॉक्टर, दवाखान्यातल्या, मी फोनवर सगळं सांगितलं होतं तिला."

"म्हणजे सांगणाऱ्या तुम्हीच," सर्जनबाई म्हणाल्या. "तिने स्वतः बघितलं?"

सुनेने नकारार्थी मान हलवली.

सर्जनबाई मुलांकडे वळल्या. "तुम्ही दोघे होतात ना गाडीत? पाय हलत होते की नव्हते?"

डांबरला कळत होतं की गाडीत गेली म्हटलं तर पुढचा प्रश्न येणार, गाडीत झालं काय. खडीलाही तेच कळत होतं. आईचं म्हणणं मात्र दोघांच्या मधोमध ऐसपैस पसरलं होतं, आणि त्यात दोघांना पुरेल एवढी जागा होती.

"आई म्हणते तसंच असणार," डांबर म्हणाला. "तिला स्वतःला माहीत."

"हो," खडी म्हणाला. "दादा म्हणतो ते बरोबर आहे."

सून एकाकडून दुसऱ्याकडे बघत राहिली. "अहो," ती नवऱ्याला म्हणाली. "अहो, तुमची आई आहे ना ती."

"भावजी, तुम्ही तरी," ती दिराला म्हणाली.

खडी भिंतीवरचा दिव्याचा खटका वाचत होता.

"पेशंट शुद्धीत आहे," सर्जनबाई म्हणाल्या, काहीशा स्वतःलाच. "दोन्ही मुलं तेच सांगतायत." त्यांनी दारातल्या माणसाला हाक मारली. "त्या पोटवाल्याला आत घ्या. यांना वॉर्डात हलवा, उद्या बघू."

सून त्यांच्यामागे पळत गेली. हात धुवायच्या खोलीच्या दाराशी तिने त्यांची बाही धरली. सर्जनबाईंनी बाही हळूच सोडवली. "बाई, कदाचित तुमचंच खरं असेल," त्या म्हणाल्या. "पण तिघांविरुद्ध एकटीचं ऐकून मी आतल्या माणसाला मरू देऊ? तुम्हीच सांगा." आणि दार लागलं.

ती परत आली तेव्हा आई वॉर्डात होती, खिडकीजवळच्या खाटेवर. खिडकीतून खाली दोघे भाऊ दिसत होते. गाडीला टेकून एकाच कपातला चहा आळीपाळीने पीत होते. डांबर काहीतरी म्हणत होता आणि खडी मान डोलावत होता.

"बघ गं," आई हळूच म्हणाली, "किती वर्षांनी. शेवटी झालं ना एकमत?"

सुनेने आईच्या पायाच्या अंगठ्याची पट्टी नीट केली. तिने अंगठा दाबला. पुन्हा दाबला, जरा जोरात, मग नखं रुतवून. आई खिडकीकडेच बघत होती.

"आणि ऐक," आई म्हणाली, "पायांवर काहीतरी घाल. गार पडले असतील."